सीयूईटीचे पाच विषय कसे निवडावेत?

२०२५ साली सीयूईटी-यूजी या प्रवेश परीक्षेचे अर्ज १ मार्चला सुरू झाले आणि २४ मार्चला मुदत संपली. त्या १ मार्चला राज्य मंडळाची बारावीची परीक्षा ऐन भरात होती. आज एक पेपर झाला, परवा दुसरा आहे, आणि मधल्या संध्याकाळी मोबाइलवर किंवा सायबर कॅफेत बसून अर्ज भरायचा. फोटोचा आकार, सहीची प्रत, जातीचा दाखला, दहावीची गुणपत्रिका या सगळ्या धावपळीत विषयांचा रकाना येतो आणि तो पटकन भरला जातो. शेजारच्या मुलाने जे टाकले ते टाकले, क्लासवाल्यांनी सांगितले ते टाकले, बारावीला होते ते सगळे टाकले.

मे महिन्यात पेपर कसा गेला याला महत्त्व आहेच. पण कोणता पेपर दिला, हा प्रश्न त्याच्याही आधीचा आहे. जो पेपर दिलाच नाही त्याचे गुण कुठून येणार? एखाद्या अभ्यासक्रमाला गणिताचा पेपर लागत असेल आणि तो अर्जात नसेल, तर बाकीच्या पेपरांत पैकीच्या पैकी गुण मिळवूनही त्या अभ्यासक्रमाच्या गुणवत्ता यादीत नाव येत नाही. म्हणून या लेखाचा सारा भर विषयनिवडीवर आणि तिच्याभोवतीच्या वेळापत्रकावर आहे. अभ्यास सुरू करण्याआधी घ्यायचा हा निर्णय आहे.

ही परीक्षा कशासाठी आली?

२०२१ साली दिल्ली विद्यापीठाच्या काही महाविद्यालयांची पहिली कट-ऑफ यादी १०० टक्क्यांवर गेली. बारावीत पूर्ण गुण असल्याशिवाय राज्यशास्त्रासारख्या विषयाला प्रवेश नाही, अशी वेळ आली. देशात अनेक परीक्षा मंडळे आहेत आणि प्रत्येकाची गुण देण्याची पद्धत निराळी. एका मंडळाचे ९५ टक्के आणि दुसऱ्याचे ९५ टक्के सारखे मानायचे कसे, हा प्रश्न तेव्हा टोकाला गेला. मार्च २०२२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने जाहीर केले की केंद्रीय विद्यापीठांतील पदवी प्रवेश यापुढे सामायिक परीक्षेच्या गुणांवर होतील. राष्ट्रीय परीक्षा संस्थेने, म्हणजे एनटीएने, पहिली परीक्षा त्याच वर्षी जुलै-ऑगस्टमध्ये घेतली. पुढे केंद्रीय विद्यापीठांबरोबर काही राज्य, खासगी आणि अभिमत विद्यापीठांनीही हे गुण स्वीकारायला सुरुवात केली.

महाराष्ट्रातल्या प्रत्येक मुलाला ही परीक्षा द्यायलाच हवी असे मुळीच नाही. मुंबई, पुणे, कोल्हापूर, नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयात साधे बीए, बीकॉम किंवा बीएस्सी करायचे असेल, तर प्रवेश मुख्यतः बारावीच्या गुणांवर होतो. अभियांत्रिकी आणि औषधनिर्माणशास्त्रासाठी राज्याची एमएचटी-सीईटी आहे, वैद्यकीयसाठी नीट आहे. दिल्ली विद्यापीठ, जेएनयू, बनारस हिंदू विद्यापीठ, हैदराबाद विद्यापीठ, सोलापूर-लातूरकरांना जवळ पडणारे कलबुर्गीचे कर्नाटक केंद्रीय विद्यापीठ किंवा वर्ध्याचे महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विद्यापीठ यांपैकी कुठे शिकायची इच्छा असेल, तर सीयूईटीचा विचार करावा. ही इच्छा खरी आहे की नाही, हे आधी स्वतःला विचारून पाहावे. घरापासून हजार-दीड हजार किलोमीटरवर राहायची तयारी, वसतिगृहाचा खर्च आणि शिकण्याची भाषा या तीन गोष्टींवर घरात मोकळेपणाने बोलणे झालेले असावे.

परीक्षेचा सध्याचा साचा

या परीक्षेचे नियम पहिल्या चार वर्षांत बरेच बदलले. २०२३ मध्ये एका विद्यार्थ्याला १० विषयांपर्यंत पेपर देता येत होते. २०२४ मध्ये ही मर्यादा ६ वर आली आणि काही विषयांचे पेपर कागदावर घेतले गेले. २०२५ मध्ये परीक्षा पुन्हा पूर्णपणे संगणकावर झाली आणि मर्यादा ५ झाली. एकूण पेपर ३७ होते: १३ भाषा, २३ विषय आणि एक जनरल अॅप्टिट्यूड टेस्ट. प्रत्येक पेपरात ५० प्रश्न, सगळे अनिवार्य, वेळ ६० मिनिटे. बरोबर उत्तराला ५ गुण, चुकीला १ गुण वजा, सोडलेल्या प्रश्नाला शून्य. म्हणजे पेपर २५० गुणांचा आणि एका प्रश्नाला सरासरी ७२ सेकंद.

खुल्या प्रवर्गासाठी २०२५ मध्ये तीन विषयांपर्यंत १,००० रुपये आणि पुढच्या प्रत्येक विषयाला ४०० रुपये शुल्क होते. राखीव प्रवर्गांना आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना ते कमी होते. नियम दरवर्षी बदलू शकतात, म्हणून त्या वर्षीची एनटीएची माहिती पुस्तिका हाच अखेरचा आधार. गेल्या वर्षी दादाने किंवा ताईने काय केले, ते ऐकावे जरूर, पण त्यावर अर्ज भरू नये.

पाच ही कमाल मर्यादा आहे. पाचही पेपर दिलेच पाहिजेत असे कुठेही नाही. अभ्यासक्रमाला चार पुरत असतील तर पाचव्या पेपरासाठी लागणारे तास त्या चारांना द्यावेत.

निवड शेवटाकडून सुरू करावी

बहुतेक मुले आपल्या बारावीच्या विषयांपासून सुरुवात करतात: माझे हे विषय आहेत, तेवढे पेपर देतो, मग कुठे प्रवेश मिळतो ते पाहू. सीयूईटीत हा क्रम उलटा करावा लागतो. आधी अभ्यासक्रम, मग त्या अभ्यासक्रमाला लागणारा विषयसंच, आणि शेवटी पेपर.

त्याचे कारण प्रवेशाच्या पद्धतीत आहे. एनटीए फक्त गुण देते. गुणवत्ता यादी प्रत्येक विद्यापीठ स्वतःच्या नियमांनी बनवते, आणि एकाच विद्यापीठात प्रत्येक अभ्यासक्रमाचा विषयसंच वेगळा असतो. दिल्ली विद्यापीठाचे उदाहरण घेऊ. तिथे अर्थशास्त्र ऑनर्ससाठी एक भाषा, गणित आणि यादीतले आणखी दोन विषय लागतात. गणित टाळता येत नाही. बीकॉम ऑनर्ससाठी एक भाषा, गणित किंवा लेखाकर्म यांपैकी एक, आणि आणखी दोन विषय. व्यवस्थापनाच्या बीएमएससाठी भाषा, गणित आणि जनरल अॅप्टिट्यूड टेस्ट. भौतिकशास्त्र ऑनर्ससाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित यांचे गुण धरतात, भाषेचा पेपर मात्र किमान गुणांपुरता मोजला जातो. इतिहास किंवा राज्यशास्त्रासारख्या बीए ऑनर्सला साधारणपणे एक भाषा आणि तीन विषय असा संच चालतो.

या यादीतून एक गोष्ट उघड होते. गणिताचा एक पेपर अर्थशास्त्र, बीकॉम आणि बीएमएस या तिन्ही ठिकाणी उपयोगी पडतो. जनरल अॅप्टिट्यूड टेस्ट एखाद्या विशिष्ट अभ्यासक्रमालाच लागते आणि बाकी अनेक ठिकाणी तिचा काही उपयोग नसतो. प्रत्येक पेपर किती अभ्यासक्रमांना पुरतो, हे मोजल्याशिवाय निवड करू नये.

त्यासाठी एक कागद पुरतो. डावीकडे आवडीचे सहा ते आठ अभ्यासक्रम विद्यापीठाच्या नावासह लिहावेत. प्रत्येकापुढे त्या विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून विषयसंच उतरवून घ्यावा. मग सगळ्या संचांत वारंवार येणारे विषय अधोरेखित करावेत. तीन-चार विषय आपोआप वर येतात. पाचवा पेपर घ्यायचा की नाही, आणि घ्यायचा तर कोणत्या अभ्यासक्रमासाठी, हे त्या कागदावरूनच कळते. हे काम एका रविवारचे आहे, आणि ते डिसेंबरच्या रविवारी करावे, मार्चच्या नव्हे.

तीन विद्यार्थी, तीन संच

वाणिज्य शाखेतली एखादी मुलगी गणित घेऊन बारावी करते आहे असे धरू. तिला दिल्लीत अर्थशास्त्र ऑनर्स, बीकॉम ऑनर्स आणि बीएमएस हे तिन्ही पर्याय खुले ठेवायचे आहेत. इंग्रजी, गणित, अर्थशास्त्र, लेखाकर्म आणि जनरल अॅप्टिट्यूड टेस्ट हे पाच पेपर तिला पुरतात. भाषा, गणित, अर्थशास्त्र आणि लेखाकर्म मिळून अर्थशास्त्राचा संच होतो, तेच चार पेपर बीकॉमलाही चालतात, आणि भाषा, गणित व अॅप्टिट्यूड टेस्ट मिळून बीएमएसचा. पाच पेपरांत एकही वाया जात नाही. व्यवस्थापनाकडे जायचेच नाही असे तिने ठरवले असेल, तर अॅप्टिट्यूड टेस्ट काढून टाकावी आणि तो वेळ गणिताला द्यावा.

कला शाखेतल्या मुलाला इतिहास, राज्यशास्त्र किंवा समाजशास्त्र यांपैकी कशातही ऑनर्स चालेल. त्याने एक भाषा आणि बारावीला असलेले तीन सामाजिक शास्त्रांचे विषय घ्यावेत. चार पेपरांत जवळपास सगळ्या बीए ऑनर्सचा संच पूर्ण होतो. इंग्रजी साहित्यात ऑनर्स हवे असेल, तर भाषेचा पेपर इंग्रजीचाच असावा, कारण अशा ठिकाणी मराठीचा पेपर इंग्रजीची जागा घेऊ शकत नाही.

तिसरा विद्यार्थी विज्ञान शाखेचा. त्याचे सारे लक्ष नीटवर आहे आणि सीयूईटी तो दुसरा पर्याय म्हणून देतो आहे. त्याने भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी या चारांवर थांबावे. नीटची तयारी यातल्या तीन पेपरांना बरीचशी पुरते, आणि भाषेसाठी आठवड्याला दोन-तीन तास काढले की भागते. पाचवा पेपर म्हणून ओळखही नसलेला नवा विषय घेणे हे त्याच्यासाठी ओझेच ठरेल.

बारावीला नसलेल्या विषयाचा पेपर देता येईल का, हा इथे हमखास येणारा प्रश्न. २०२५ मध्ये एनटीएने तशी मुभा दिली होती. पण पेपर देता येणे आणि त्याचे गुण प्रवेशाला धरले जाणे यांत फरक आहे. दिल्ली विद्यापीठाने सुरुवातीपासून बारावीत शिकलेल्या विषयांचेच पेपर द्यावेत अशी भूमिका घेतली आहे. काही विद्यापीठे यात सैल आहेत. म्हणून असा पेपर निवडण्यापूर्वी त्या विद्यापीठाचा नियम स्वतः वाचून घ्यावा.

नाव सारखे, धडे वेगळे

महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांसाठी खरी अडचण इथे आहे आणि तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. सीयूईटीच्या विषयांचा अभ्यासक्रम एनसीईआरटीच्या बारावीच्या पुस्तकांवर बेतलेला आहे. आपल्या राज्याची बारावीची नवी पुस्तके २०२० पासून लागू झाली. विज्ञान आणि गणितात दोन्हींतले अंतर तुलनेने कमी आहे. कला आणि वाणिज्य शाखेत मात्र विषयाचे नाव एक आणि आतले धडे वेगळे, असे अनेकदा घडते.

इतिहास पाहा. आपल्या बारावीच्या पुस्तकाची सुरुवात युरोपातल्या प्रबोधनापासून होते. मग वसाहतवाद, मराठ्यांचा वसाहतवादाशी झालेला सामना, सामाजिक सुधारणा, महायुद्धे आणि शीतयुद्ध. एनसीईआरटीचे बारावीचे तीन भाग हडप्पा संस्कृतीपासून सुरू होतात आणि महाभारतकालीन समाज, बौद्ध स्तूप, भक्ती-सूफी परंपरा, विजयनगर आणि मुघल काळ ओलांडून १८५७, गांधीजी आणि संविधान सभेपर्यंत पोहोचतात. म्हणजे बारावीच्या इतिहासात उत्तम गुण मिळवणाऱ्या विद्यार्थ्याला सीयूईटीच्या इतिहासाचा अर्ध्याहून अधिक भाग नव्याने वाचावा लागतो.

राज्यशास्त्रातही असेच आहे. आपले पुस्तक प्रामुख्याने १९९१ नंतरचे जग, जागतिकीकरण, सुशासन आणि समकालीन भारतासमोरची आव्हाने यांविषयी आहे. एनसीईआरटीच्या दोन पुस्तकांपैकी एक समकालीन जागतिक राजकारणावर आणि दुसरे स्वातंत्र्योत्तर भारतीय राजकारणावर आहे. त्यात फाळणी, संस्थानांचे विलीनीकरण, काँग्रेसचे वर्चस्व, नियोजन, आणीबाणी हे सारे सविस्तर येते.

वाणिज्यात लेखाकर्माचा गाभा समान आहे. भागीदारीची खाती, भागीदाराचा प्रवेश आणि निवृत्ती, विसर्जन, भागांची विक्री ही प्रकरणे दोन्हीकडे आहेत. पण आपल्या पुस्तकातले विनिमय विपत्र सीयूईटीला विचारत नाहीत, आणि सीयूईटीतले कर्जरोख्यांचे प्रकरण आपल्या पुस्तकात नाही. वाणिज्य संघटन व व्यवस्थापन या विषयाला सर्वांत जवळचा पेपर बिझनेस स्टडीजचा. चिटणिसाची कार्यपद्धती, सहकार, तर्कशास्त्र या आपल्या विषयांना सीयूईटीत पेपरच नाही. ज्यांच्या बारावीच्या विषयांत यांतले दोन विषय आहेत, त्यांनी आपला संच कसा भरणार हे आधीच पाहून ठेवले पाहिजे.

गणिताच्या पेपरची रचनाही समजून घ्यावी. त्यात १५ प्रश्न सर्वांना समान असतात. उरलेले ३५ प्रश्न गणिताचे किंवा उपयोजित गणिताचे, यांपैकी एका भागाचे सोडवायचे असतात. वाणिज्य शाखेच्या गणितात निर्देशांक, काळमाला, रेषीय नियोजन शिकवतात, सदिश आणि त्रिमितीय भूमिती नसते. अशा विद्यार्थ्याला उपयोजित गणिताचा भाग अधिक जवळचा वाटतो. मात्र आपल्याला हव्या त्या अभ्यासक्रमाला तो भाग चालतो का, हे तपासूनच ठरवावे.

थोडक्यात, पेपर निवडताना विषयाच्या नावावर जाऊ नये. एनटीएच्या संकेतस्थळावर प्रत्येक विषयाचा अभ्यासक्रम असतो. तो उतरवून आपल्या पुस्तकाच्या अनुक्रमणिकेशेजारी ठेवावा आणि न शिकवलेल्या प्रकरणांवर खूण करावी. दोन विषयांपैकी कोणता घ्यावा असा पेच असेल, तर ज्यात खुणा कमी तो घ्यावा. आवड दोन्हींची सारखी असेल तेव्हा हाच निकष सर्वांत प्रामाणिक आहे.

भाषा आणि माध्यम

२०२५ च्या १३ भाषांत मराठी होती. भाषेच्या पेपरात उतारे, शब्दसंपत्ती, अर्थ आणि वाक्यरचना यांवर प्रश्न असतात. तिथे पाठांतराला फारशी जागा नाही. मराठी माध्यमातल्या चांगल्या वाचकाला मराठीचा पेपर मोठा आधार देऊ शकतो. पण निर्णय घेताना विषयसंच पाहावा. कुठल्याही एका भाषेचा पेपर चालणार असेल तर मराठी घ्यावी. इंग्रजीच हवी असेल तर इंग्रजी. दोन्ही भाषांचे पेपर घ्यायचे असतील, तर पाचांतले दोन त्यातच जातात, याचे भान असावे.

माध्यमाचा निर्णय वेगळा. इतिहास, राज्यशास्त्र यांसारख्या विषयांची प्रश्नपत्रिका मराठीतूनही मिळू शकते, आणि मराठी माध्यमाच्या मुलांसाठी ही मोठी सोय आहे. भाषांतरात संदिग्धता राहिली तर मात्र इंग्रजी प्रश्न प्रमाण मानला जातो. शिवाय एनसीईआरटीची बारावीची पुस्तके हिंदी, इंग्रजी आणि उर्दूत मिळतात, मराठीत नाहीत. त्यामुळे वाचायचे हिंदी-इंग्रजीतून आणि उत्तरे मराठीतून, अशी कसरत होते. ती टाळण्यासाठी संज्ञांची स्वतःची वही करावी: एका बाजूला पुस्तकातली इंग्रजी किंवा हिंदी संज्ञा, दुसऱ्या बाजूला आपल्या पाठ्यपुस्तकातली मराठी. एका विषयाला शंभर-दीडशे संज्ञा पुरतात आणि परीक्षेत प्रश्न वाचताना अडखळणे थांबते.

वेळापत्रक आपल्या हातात किती?

पेपर कोणत्या दिवशी आणि कोणत्या सत्रात, हे एनटीए ठरवते. आपण फक्त विषय, माध्यम आणि पसंतीची शहरे सांगतो. एकाच दिवशी एकापेक्षा जास्त पेपर येऊ शकतात, किंवा पेपरांमध्ये बरेच दिवसही जाऊ शकतात. प्रवेशपत्र परीक्षेच्या थोडेच आधी मिळते. म्हणून तयारीचे वेळापत्रक एखाद्या तारखेवर बांधू नये. परीक्षेच्या कालखंडाचा पहिला दिवस आपला आहे असे समजून सर्व विषय त्याआधी पूर्ण करावेत.

२०२५ चे कॅलेंडर डोळ्यांसमोर आणले की गर्दी लक्षात येते. बारावीची परीक्षा ११ फेब्रुवारीला सुरू झाली. जेईई मेनचे दुसरे सत्र एप्रिलच्या सुरुवातीला. एमएचटी-सीईटीचा पीसीबी गट ९ ते १७ एप्रिल आणि पीसीएम गट १९ ते २७ एप्रिल. नीट ४ मे रोजी. ५ मेला बारावीचा निकाल. १३ मेपासून सीयूईटी, जी जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत चालली. त्यातच राज्याची बीबीए-बीएमएस-बीसीएसाठीची सीईटी २०२४ पासून सुरू झाली आहे. विधी शाखेकडे जाणाऱ्यांना वेगळी सीईटी आहे. या दोन्हींत तर्कक्षमता आणि सामान्यज्ञान असल्याने जनरल अॅप्टिट्यूड टेस्टशी त्यांचा अभ्यास जुळतो, हा एक फायदा.

हे वर्ष चार भागांत वाटून घ्यावे. अकरावीची परीक्षा संपल्यापासून दिवाळीपर्यंत बारावीचा नियमित अभ्यास आणि अभ्यासक्रमांचा शोध. दिवाळी ते डिसेंबरअखेर विषयसंचांचा कागद, अभ्यासक्रमांची तुलना आणि न शिकवलेल्या प्रकरणांचे पहिले वाचन. जानेवारीपासून बोर्डाचा शेवटचा पेपर होईपर्यंत केवळ बोर्ड. या काळात सीयूईटीसाठी फक्त अर्ज भरायचा, तोही आधी ठरवलेल्या विषयांनी. बोर्ड संपल्यावर मेपर्यंत खुणा केलेल्या प्रकरणांचे दुसरे वाचन आणि वेळ लावून सराव चाचण्या. अर्जाची तारीख दरवर्षी सारखी नसते, कधी ती जानेवारीतही येऊ शकते. त्यामुळे विषयांचा निर्णय डिसेंबरअखेर तयार असलेला बरा. अर्ज भरून झाल्यावर दुरुस्तीसाठी काही दिवस मिळतात. विषय टाकताना चूक झाली असेल तर ती तेव्हाच सुधारावी, पुढे संधी नसते.

परीक्षेचा कालखंड संपेपर्यंत गावी जाणे, लग्नकार्य, प्रवास यांची तिकिटे काढू नयेत. २०२४ मध्ये दिल्लीतल्या केंद्रांवरचे १५ मेचे पेपर आदल्या रात्री पुढे ढकलले गेले आणि ते २९ मेला झाले. असे कुठेही घडू शकते आणि त्यासाठी मनाची व दिवसांची तयारी असावी.

सत्र कठीण आले तर?

एकाच विषयाचा पेपर अनेक सत्रांत होत असेल, तर कोणाला सोपी प्रश्नपत्रिका मिळते, कोणाला अवघड. ही तफावत दूर करण्यासाठी गुणांचे समानीकरण केले जाते. समजा सकाळच्या सत्रात २०० गुण मिळवणारा विद्यार्थी त्या सत्रातल्या ९५ टक्के मुलांच्या पुढे आहे. दुपारच्या अवघड सत्रात ९५ टक्के मुलांच्या पुढे असणाऱ्याला १८० गुणच मिळाले आहेत. दोघांचे स्थान सारखे असल्याने दोघांचे अंतिम गुणही सारखे यावेत, असा या पद्धतीचा गाभा आहे. त्यामुळे आपल्याला कोणते सत्र मिळाले याची काळजी सोडून द्यावी. पेपर अवघड गेला तर तो त्या सत्रातल्या सगळ्यांनाच अवघड गेलेला असतो.

वजा गुणांची भीती मात्र समजून घ्यावी. चार पर्यायांपैकी डोळे मिटून एक निवडला, तर चारांत एकदा ५ गुण मिळतात आणि तीनदा १ गुण जातो. सरासरी अर्धा गुण फायदा. एक पर्याय नक्की चुकीचा आहे हे कळले, तर सरासरी फायदा एका गुणावर जातो. म्हणजे वेळ उरला असेल तर विचारपूर्वक अंदाज करणे तोट्याचे नाही. जे खरोखर येते त्याला मात्र आधी वेळ द्यावा.

निकालानंतर

सीयूईटीला एकत्रित प्रवेश फेरी नाही. प्रत्येक विद्यापीठात स्वतंत्र नोंदणी करावी लागते. दिल्ली विद्यापीठाची स्वतःची जागावाटप प्रणाली आहे, तिथे अभ्यासक्रम आणि महाविद्यालयांचा पसंतीक्रम भरायचा असतो. सीयूईटी दिली पण विद्यापीठात नोंदणी केली नाही, तर गुणांचा काहीच उपयोग होत नाही. बारावीचे गुणही पूर्णपणे निरुपयोगी ठरत नाहीत. उत्तीर्ण होणे आवश्यक असतेच, आणि दोघांचे सीयूईटी गुण सारखे आले तर बरोबरी सोडवताना ते पाहिले जातात.

निकालाची तारीखही ठरलेली नसते. २०२४ मध्ये निकाल २८ जुलैला लागला, २०२५ मध्ये ४ जुलैला. तोपर्यंत राज्यातल्या महाविद्यालयांचे प्रवेश सुरू झालेले असतात. म्हणून जवळच्या चांगल्या महाविद्यालयात प्रवेश घेऊन ठेवावा. २०२४-२५ साठी विद्यापीठ अनुदान आयोगाने ३० सप्टेंबरपर्यंत प्रवेश रद्द केल्यास संपूर्ण शुल्क परत करण्याचे आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत जास्तीत जास्त १,००० रुपये कापण्याचे निर्देश दिले होते. दरवर्षीचा असा आदेश वाचून ठेवला, तर पालकांना पैशांच्या चिंतेने निर्णय घ्यावा लागत नाही.

शेवटी एक विनंती कनिष्ठ महाविद्यालयांच्या शिक्षकांना. सीयूईटीच्या बहुतेक चुका अभ्यासाच्या कमतरतेतून होत नाहीत, त्या माहितीच्या कमतरतेतून होतात. मोठ्या शहरांतल्या क्लासमध्ये विषयसंच समजावणारे लोक असतात. तालुक्याच्या गावात तोच प्रश्न घेऊन आलेल्या मुलीला विचारायला कोणी नसते, आणि तिची हुशारी शहरातल्या मुलांपेक्षा तसूभरही कमी नसते. डिसेंबरमध्ये एका शनिवारी दोन तास काढावेत. कला, वाणिज्य आणि विज्ञान शाखेची मुले वेगवेगळी बसवावीत, फळ्यावर विषयसंच लिहावेत, एनसीईआरटीच्या अनुक्रमणिका वाटाव्यात आणि प्रत्येकाकडून आपापला कागद भरून घ्यावा. त्यासाठी कोणत्याही अनुदानाची किंवा परवानगीची गरज नाही. मार्चमध्ये त्या मुलीने विषयांच्या रकान्यात जे टाकले असेल, ते तिने स्वतः समजून-उमजून टाकलेले असेल, आणि तिच्या पुढच्या तीन-चार वर्षांची दिशा योगायोगावर सोडलेली नसेल.